एकलं पाणी

ज्या वर्षी माझी आई तळ्यात उतरेनाशी झाली, त्या वर्षी आमच्या घराचा वास गेला. आम्ही ढिवर. ढिवराच्या घराला वास नसला तर त्या घरात काही नाही असं समजायचं. ओल्या जाळ्याचा, उन्हात टाकलेल्या झिंग्यांचा, मडक्यात उकडणाऱ्या शिंगाड्यांचा वास आमच्या भिंतींत मुरलेला होता. तो हळूहळू उडाला आणि त्याच्या जागी तेंदूच्या पानांचा कोरडा वास आला. आई दिवसभर दारात बसून बिड्या वळायची, तळ्याकडे पाठ करून. बाबांचा डोंगा, ती सागाची होडी, अंगणात उपडा पडून होता. त्याच्याखाली शेजारच्या कोंबड्या अंडी घालायच्या. बाबा काठावरूनच जाळं फेकायचे आणि पसाभर मासळी घेऊन परत यायचे. संध्याकाळी पेज असायची. तिच्यात तांदूळ शोधावा लागायचा. बाबा वाटी तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "आज बी तळंच शिजवलं का?" आई हसायची नाही.

माझा धाकटा भाऊ बुधा आश्विनात त्या तळ्यात बुडाला होता. कसा, ते मी लिहिणार नाही. आमच्या घरात ते कोणी कधी बोललं नाही. गाव मात्र बोललं. तळ्यातल्या सात बहिणींनी आपला वाटा घेतला, असं गाव म्हणालं. ज्या बाईचं लेकरू पाण्यानं एकदा नेलं, ती पुन्हा उतरली की पाणी दुसरं मागतं, असंही म्हणालं. दुसरं म्हणजे मी.

मी आता त्याच गावात बसून हे लिहिते आहे. नागपूरहून गोंदियाला आले, तिथून पॅसेंजरनं आमगावला, आणि पुढे बैलांच्या खाचरात. गाडीत जो तो स्वराज्याचंच बोलत होता. कोणी मराठीत, कोणी हिंदीत, आणि मला कुठेच धड बसवत नव्हतं. मी बी.ए. झाले आहे. आमच्या गावात पुरुषांतही अजून कोणी झालेलं नाही, आणि हे मी मान खाली घालून सांगणार नाही. मिशनच्या मास्तरांनी निरोप पाठवून मला बोलावलं ते त्या बी.ए.साठीच. देवरीकडच्या जंगलातून काही कुटुंबं आमच्या ख्रिस्ती मंडळीत येऊ पाहत आहेत. आपण कोण, काय मानतो, रविवारी काय करतो, हे त्यांच्यासाठी सोप्या भाषेत लिहून दे, असं मास्तर म्हणाले. मास्तर आता थकलेत. मिशनच्या बंगल्याच्या ओट्यावर कांबळ पांघरून बसतात. बंगल्यातल्या पाद्रीसाहेबांना त्यांच्या थंड मुलखात परत जाऊन बरेच दिवस झाले.

मी एका सकाळी लिहून टाकलं. माणूस स्वतःच्या पुण्यानं नव्हे, तर केवळ देवाच्या कृपेनं, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो. पवित्र शास्त्र हाच आमच्या शिकवणीचा आधार. संस्कार दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. अक्षर सुंदर होतं, चूक एकही नव्हती. आईला वाचून दाखवलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "कोणाले समजन हे?"

"शिकवल्यावर समजेल."

"यात तळं कुठी आहे?"

"मंडळीची ओळख लिहायची आहे, माय. तळ्याची नाही."

तिनं सूप आपटलं आणि खडे वेचायला घेतले. मी कागद उचलला आणि बाहेर पडले. दुपार उन्हानं पांढरी झाली होती. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पण पाय चर्चकडेच गेले.

आमचं चर्च म्हणजे कौलारू लांबोडी खोली. घंटा म्हणून दारात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, तो अजून आहे. आत चुन्याचा वास, वटवाघळांचा वास, आणि वेदीजवळ विझलेल्या मेणबत्तीचा. वेदीच्या डाव्या अंगाला सागाचं एक जाड, बुटकं बैठं आणि त्यावर बाप्तिस्म्याच्या पाण्याचं पितळी गंगाळ. त्या बैठ्याच्या कडेला एक भोक आहे. अनोळखी माणसाला वाटेल किडीनं पाडलं असेल. मी त्यात बोट घातलं. लाकूड आतून गुळगुळीत होतं. तिथून वल्ह्याची दोरी जायची.

घंटेचा आवाज पाण्यावरून आमच्या दारात यायचा. बुधा गेल्यावर आई तिच्याचमुळे पहिल्यांदा चर्चला गेली असेल, किंवा दुसऱ्या कशामुळे. मला आठवतं ते एवढंच, की माघातल्या एका रविवारी ती बिड्यांचं सूप बाजूला ठेवून उठली, माझा हात धरला आणि तळ्याच्या पाळीवरून न जाता शेतांना वळसा घालून मला तिथे घेऊन गेली. आम्ही मागे चटईवर बसलो. समोर पाद्रीसाहेब काळ्या झग्यात, गळ्याशी पांढरी पट्टी. त्यांनी आमच्याकडे पाठ केली. आईला वाटलं, रुसले.

मग कळलं. देवाशी बोलायचं असलं की ते वेदीकडे तोंड करत, आम्हां सगळ्यांच्या वतीनं, आमच्यातलेच एक होऊन. देवाचं काही आम्हांला सांगायचं असलं की आमच्याकडे वळत. उपासनेच्या सुरुवातीलाच सगळे उभे राहून आपण पापी आहोत असं कबूल करत, आणि साहेबही पाठमोरे उभे राहून तेच म्हणत. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "साहेब बी आपल्याच रांगेत आहे वो." मग ते वळून हात वर करत आणि क्षमा झाली असं सांगत. कोंबडं नाही, नारळ नाही, नवस नाही. आई इकडेतिकडे पाहत राहिली, काही मागतील म्हणून. कोणी काही मागितलं नाही.

गाणी होती. थंड मुलखातल्या चाली, पण आमच्या बाया त्या रोवणीच्या गाण्यासारख्या लांबवत, शेवटचा शब्द चिखलात पाय रोवल्यासारखा खाली दाबत. पेटी वाजवणारे साहेब पुढे निघून जायचे आणि ओळीच्या टोकाला थांबून वाट पाहायचे. मग शास्त्रातला पाठ, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचा विश्वासाचा अंगीकार, मग उपदेश. आणि कधी कधी प्रभुभोजन. त्या दिवशी बाप्तिस्मा झालेले पुढे जाऊन लाकडी कठड्याशी गुडघे टेकत. ज्या गावात कोणी कोणत्या घाटावर घागर बुडवायची हे जन्माआधीच ठरलेलं होतं, त्या गावात एकाच प्याल्याला सगळ्यांचे ओठ लागत. मास्तर सांगत, भाकर भाकरच राहते आणि तरीही तिच्यात, तिच्यासोबत प्रभू स्वतः येतो. कसा येतो असं विचारलं तर म्हणत, त्यानं तसं वचन दिलं आहे म्हणून. आम्ही मागे बसून चावण्याचा आवाज ऐकायचो. आईचा गळा हलायचा.

गावात आम्हांला लूथरन कोणी म्हटलं नाही. ज्याच्या नावावरून ते नाव पडलं तो जर्मन मुलखातला साधू, त्याचं गावाला काय. शब्द जिभेवर बसेना. त्यात साहेब लोट्यानं पाणी ओतून बाप्तिस्मा देत, म्हणून आम्ही झालो लोटेवाले. दूर दुसऱ्या एका मिशनात माणसाला पुरं बुडवत, ते बुडीवाले. बाजारात लोक बाबांना अडवायचे. "का गा, आज कोणाले धुतलं?" बाबांना स्वतःलाही ते पटत नव्हतं. "आपला जन्म पाण्यात गेला," ते आईला म्हणायचे. "लोटाभर पाण्यात मरळ तं मरळ, झिंगा बी जगत नाई. माणसाचं काय होते?"

"थेच तं इचारून राहिली मी," आई म्हणायची.

बाप्तिस्म्याआधी प्रश्नोत्तरी शिकावी लागे. मोठ्या माणसाला आपण काय स्वीकारतो आहोत ते सांगता आलं पाहिजे, अशी रीत. दहा आज्ञा, विश्वास, प्रभूची प्रार्थना, आणि प्रत्येकामागे एकच प्रश्न: याचा अर्थ काय? मास्तर तो प्रश्न छडीसारखा विचारत. ते नगरकडचे, त्यांची भाषा इस्त्री केलेली. आई वाचत नव्हती, तिला ऐकूनच पाठ व्हायचं, आणि झालंही. आज्ञा झाल्या. विश्वास झाला. रोजच्या भाकरीपाशी ती थोडी अडली, कारण भाकर आमच्याकडे कोण खातं, पण मास्तर म्हणाले की भाकर म्हणजे जगायला लागतं ते सगळं, अन्न, घर, चांगले शेजारी. मग तिनं "आमची रोजची पेज" म्हटलं, आणि मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

अडली ती पाण्यापाशी.

"पाण्यानं एवढं मोठं काम कसं होतं?" मास्तर विचारत. उत्तर असं होतं, की हे काम केवळ पाण्याचं नव्हे. पाण्यासोबत देवाचं वचन असतं आणि त्या वचनाला धरणारा विश्वास असतो, म्हणून ते होतं. वचनाशिवाय ते साधं पाणी.

आई म्हणायची, "पाणीच करते."

"नाही बाई. पाणी एकटं काही करत नाही. म्हणा."

"तसं कसं म्हणू?"

"काय अडचण आहे म्हणायला?"

"मास्तर, तुम्ही नगरचे. तुमच्या तिकडे पाणी नाई. म्हणून तुम्हांले वाटते पाणी काई करत नाई."

वर्गातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "उत्तर आल्याशिवाय मी साहेबांकडे नाव देणार नाही," ते म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. बाकीच्यांची नावं गेली. चैत्रात प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण होता आणि त्याच दिवशी बाप्तिस्मे होणार होते. घरी आई बिडी वळता वळता थांबायची, ओठ हलवायची, पुन्हा वळायची. मला ते उत्तर केव्हाच पाठ झालं होतं. मी तिच्यासमोर घडाघडा म्हणून दाखवलं.

"तू म्हण," ती म्हणाली. "तुह्यं पाण्यानं काई नेलं नाई."

बुधा माझाही होता. पण ती बोलली ते खरंच होतं, एका परीनं.

साहेब आमच्या घरी आले ते फाल्गुनातल्या एका दुपारी. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि अंगणात त्यांचा गोड, आंबूस वास भरून राहिला होता. मागून मास्तर छत्री धरून. बाबांनी खाट टाकली. साहेब खाटेवर न बसता उपड्या डोंग्यावर बसले. बाबांच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. आश्विनानंतर त्या डोंग्याला कोणी हात लावला नव्हता. साहेबांनी बुडाखालच्या लाकडावर हात फिरवला. "छान काम आहे," ते म्हणाले. त्यांची मराठी पुस्तकातून शिकलेली, मास्तरांहूनही शुद्ध. "आपण हा का वापरत नाही?"

बाबा डोंग्याखालची कोंबडी हुसकायला वाकले. मग आईच म्हणाली. पाठ तळ्याकडे, तोंड साहेबांकडे.

"साहेब, एक इचारू? बुधाच्या डोक्यावर तुमचं पाणी पडलं नाई. त्याच्या डोक्यावर तळ्याचंच पाणी पडलं. थो कोणाकडं आहे?"

मास्तर खाकरले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. मग त्यांनी पायाशी पडलेलं मोहाचं एक फूल उचललं. फुलं टपटप पडत होती.

"ताई, देवानं आपल्याला सांगितलं, पाण्यापाशी या, तिथे मी भेटेन. आपण येतो. पण त्यानं स्वतःचे हात पाण्याला बांधून घेतलेले नाहीत. आपला मुलगा त्याच्या हातात आहे, असं मी धरून आहे. याहून जास्त मला माहीत नाही."

"म्हंजे तळ्यापाशी नाई?"

"तळ्यापाशी काय आहे? पाणी आहे."

आई हातातल्या अर्ध्या बिडीकडे पाहत होती. "सात बहिणींनं नेलं म्हणतात. मी उतरली तं पोरीले बी नेतीन म्हणतात."

"पाणी एकटं काही नेत नाही," साहेब म्हणाले.

मास्तर पटकन पुढे झाले. "बाई, हेच तर तुम्हांला किती रविवार..." आणि मध्येच गप्प झाले. मला वाटतं त्या क्षणी त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. निदान मला तरी आलं. पाठ असलेलं वाक्य दुसऱ्याच दारातून घरात शिरावं तसं.

आई हळूच म्हणाली, "एकलं पाणी काई करत नाई." मास्तरांना नव्हे, साहेबांनाही नव्हे. मग पुन्हा म्हणाली. मग तिनं मान वळवून तळ्याकडे पाहिलं. आश्विनानंतर पहिल्यांदा. तळं आटत आलं होतं, मधोमध शेवाळाचा हिरवा तुकडा आणि त्यावर एक बगळा.

पुढच्या रविवारी मास्तरांनी प्रश्न विचारला आणि तिनं आपल्याच बोलीत उत्तर दिलं. मास्तर तिच्या "एकलं"ला "केवळ" करायला निघाले होते, पण मग त्यांनी ते तसंच राहू दिलं. नाव गेलं.

तिचा एक हट्ट मात्र होता. मिशनच्या विहिरीचं पाणी नको. तळ्याचंच पाहिजे.

"गढूळ आहे," मास्तर म्हणाले.

"असू द्या. थेच पायजे."

"पोरीचे माय, मिशनच्या विहिरीत काय कमी आहे?" बाबाही म्हणाले. पण सणाच्या सकाळी तेच घागर घेऊन गेले. मास्तरांनी दुहेरी धोतरातून पाणी गाळलं, तरी गंगाळात हिरव्या शेवाळाचा एक बारीक पातळ तुकडा तरंगतच राहिला. वेदीवर त्या दिवशी पांढरं कापड होतं. रुळाचा तुकडा इतका बडवला की तळ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. साहेबांनी लोटा भरला. पाणी आईच्या केसांतून, कपाळावरून, हनुवटीवरून खाली गळालं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, एकेका नावाला एकेक वेळ. तिनं डोळे मिटले नाहीत. ते शेवाळ तिच्या भुवईला चिकटलं आणि उपासना संपेपर्यंत तिथेच राहिलं. कोणी काढलं नाही. तिच्यामागून माझ्या डोक्यावर पाणी पडलं. मला आठवतो तो त्या पाण्याचा वास. आमच्या घरातून गेलेला तोच वास होता. चिखल, मासळी, शिंगाड्याची पानं. माझ्या केसांत तो दिवसभर होता.

बाबांनी बाप्तिस्मा घेतला तो कितीतरी नंतर, आणि तेव्हाही म्हणाले, "लोटा जरा भरून घ्या साहेब, मी ढिवर आहो." पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी जुना डोंगा सुलटा केला, कुजलेली बाजू कापली, आणि चांगल्या लाकडाचं हे बैठं करून चर्चला दिलं. आधी गंगाळ विटांवर ठेवत. गावात कोणी तरी म्हणालं, डोंगा देवाला वाहिला. बाबा म्हणाले, "वाहिला नाई. बसायला जागा दिली." आणि नव्या डोंग्यासाठी साग पाहायला सालेकशाच्या बाजूला निघून गेले.

त्यानंतर वेदीवरचं कापड हिरवं झालं. आमच्या मंडळीच्या वर्षात सण संपले की एक लांबच लांब हिरवा काळ येतो. त्यात मोठं काही घडत नाही, वाढणं तेवढं असतं. बाहेर धानाचे पऱ्हे हिरवे, बांध हिरवे, आत वेदी हिरवी. आई म्हणाली, "देवाचं बी रोवणं झालं." मला त्या काळाची अजून ओढ आहे आणि अजून कंटाळाही आहे. काही होत नाही म्हणून मी खिडकीतून रेल्वेची शिटी ऐकायचे. कॉलेजात शिकताना, वसतिगृहाच्या खिडकीत, उलट्या दिशेनं तीच शिटी ऐकायचे. मी कुठेही असले तरी मला दुसरीकडेच जायचं असतं. विश्वासाबद्दल मला कोणी विचारलं तर मी शुद्ध उत्तर देते, आणि देताना मला वाटत राहतं, की हे मी अजून म्हणतेच आहे, आईसारखं मला ते कोणी दिलेलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा मी चर्चमधून निघाले. तळ्याच्या पाळीवरून आले, वळसा घातला नाही. पाण्यात शिंगाड्यांच्या वेलींची नक्षी पसरली होती. मास्तर ओट्यावरच होते.

"झालं का लिहून?"

"पुन्हा लिहिते आहे."

"का? काय चुकलं?"

"तळं राहिलं."

त्यांनी कांबळ खांद्यावर ओढून घेतलं. मग म्हणाले, "एकलं लिही मग. केवळ लिहू नकोस." आणि खोकल्यासारखं हसले.

देवरीकडून येणाऱ्या लोकांनो, आपल्यासाठी लिहायचं ते मी इथपर्यंत लिहिलं आहे. आपल्याकडेही झरे असतील, डोह असतील, आणि डोहाचा वाटा मागणारे असतील. आमच्याकडे येताना काही आणू नका. इथे कोणी काही मागत नाही. प्रश्न मात्र आणा, आणि उत्तर ओठावर येईना तर अडून बसा. आमची एक बाई अडून बसली होती.

बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी कार्तिकात आई शिंगाडे तोडायला तळ्यात उतरली. उपडी घागर छातीखाली धरून, गळ्याइतक्या पाण्यात, आधी हळूहळू आणि मग सरळ मधोमध. मी काठावर होते. तिनं हाक मारली, "ये, अंग भिजव." मी उतरले. त्या वर्षी शिंगाडा चांगला झाला, घरात पुन्हा वास आला, मी मिशनच्या शाळेत बसले, आणि पुढे बी.ए. झाले.